खालचा खण

१

कारखान्यात कामगार एकशे बारा होते आणि रजाकार्डं एकशे अकरा. नाहीसं झालेलं कार्ड एकच, आणि दोन बस बदलून, दोन जिने चढून तपासणीबाई जे बघायला आल्या होत्या ते नेमकं तेच.

“काल दुपारपर्यंत होतं, बाई,” रजाकाका म्हणाले. “आज सकाळी खण उघडला, तर नाही.”

बाईंनी आधी खुर्ची शोधली. चोरी झाली ती झाली, ती कुठे पळून जात नव्हती. गुडघे मात्र हल्ली कोणाचं ऐकत नव्हते. चोरालाही काही लाज हवी होती, निदान जिना चढायच्या आधी तरी कळवायचं. मुख्य कचेरीत त्यांची चौतीस वर्षं झाली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांतले शेवटचे तीन साठवलेल्या रजेचे होते, म्हणजे खरी नोकरी महिनाभराचीच. लेकीला त्यांनी सांगून टाकलं होतं, की मी तुझ्याकडे येणार आणि पहिला आठवडा नुसती झोपणार. चहासाठीसुद्धा उठवायचं नाही.

कारखाना चष्म्याच्या काचा घासण्याचा. रजेची खोली यंत्रांच्या बरोबर डोक्यावर, त्यामुळे टेबलावरच्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरत असे. टेबलावर शिक्का आणि शाईची गादी, भिंतीला दोन खणांचं लोखंडी कपाट, आणि त्याची एकुलती एक किल्ली रजाकाकांच्या खिशात. रजाकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कारखान्यात कोणी उरलं नव्हतं. रजा मागायची ती त्यांच्याकडे, आणि रजा संपली हेही ऐकायचं त्यांच्याकडूनच.

पद्धत सोपी होती. प्रत्येकाचं वर्षाचं एक कार्ड, त्यावर बारा चौकटी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका एकेका चौकटीत शिक्का मारत. एक शिक्का म्हणजे भरपगारी रजेचे दोन दिवस. कार्ड नाही तर रजा नाही, असं भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

बाईंनी पिशवीतून प्रवासाची चिठ्ठी काढली. पिशवीत सगळं जागच्या जागी होतं. चष्मा, पेन, चिठ्ठ्या वर, आणि छत्री, सुईदोरा, लोकरीची टोपी तळाला. “रोज लागतं ते हाताशी, नाही लागत ते पायाशी,” त्या सवयीने म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि आयुष्यभर त्यांनी ते ज्याला त्याला ऐकवलं होतं. लोक निदान मान तरी डोलवायचे. रजाकाकांनी पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

आल्याचा पुरावा म्हणून चिठ्ठीवर कारखान्याचा शिक्का लागे. बाईंनी तो उचलून स्वतःच मारला. उमटला नववा महिना. चालू होता अकरावा.

“काका, तुमचा कारखाना दोन महिने मागे आहे,” म्हणत बाईंनी पेनाने नऊचे अकरा केले.

काकांनी शिक्का ओढून घेतला आणि महिन्याचं चक्र भराभर फिरवलं. त्यांचा अंगठा नखापर्यंत जांभळा होता.

“तुम्ही इथे आधी आला होतात, बाई,” ते खाली बघत म्हणाले. “अकरा वर्षं झाली.”

“आले असेन. तीनशे कचेऱ्या झाल्या माझ्या. मला आता फक्त जिने आठवतात.”

वरच्या खणातली कार्डं त्यांनी दोनदा मोजली. “आणि खालचा खण?”

“खाली काही नाही, बाई. लांबच्या रजेवर गेलेल्यांची कार्डं आणि धूळ. मी शोधलं तिथे.”

बाईंनी खालच्या खणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. “उद्या बघू,” त्या म्हणाल्या. “काल ही किल्ली तुमच्याखेरीज कोणाकडे गेली होती?”

रजाकाकांनी खिशातली किल्ली चाचपली. “मुकादमांकडे,” ते म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत.”

२

जिचं कार्ड हरवलं ती पदर खोचून, ओला एप्रन तसाच ठेवून वर आली. बाळंतपणानंतर दीड महिन्यापूर्वी कामावर परतली तेव्हा कोणीतरी तिला ‘लेकुरवाळी’ म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. खुर्चीवर ती टेकल्यासारखी बसली, पुरती बसली तर झोप लागेल अशी.

“पहिल्यापासून सांग,” बाई म्हणाल्या.

“पहिले तीन महिने कामावर होते. पुढचे सहा बाळंतपणाची रजा. मग परत आले. या महिन्याच्या सुरुवातीला रजेचा अर्ज दिला, पंधरा दिवसांचा. काका म्हणाले, तुझे शिक्के पाच. दहा दिवस झाले, त्यातले सहा तू आधी दवाखान्याच्या फेऱ्यांना वापरलेस. उरले चार.”

“आणि मधले सहा महिने?”

“कोऱ्या चौकटी. म्हणाले, तू कामावर नव्हतीस, मग रजा कशी जमेल? मलाही पटलं होतं, बाई. पण कार्ड हातात होतं, आणि एप्रनच्या खिशात नुकतीच घासलेली काच होती. कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलंय, ते काच धरून वाचलं. बाळंतपणाच्या रजेचा काळ कामावर हजर असल्याप्रमाणेच धरावा, त्या काळातही वार्षिक रजा जमत राहील. असं छापलंय, तुमच्याच कचेरीने. म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं.”

बाईंना नियम पाठ होता. मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला. सहा शिक्क्यांचे बारा दिवस, शिल्लक चार. सोळा. पोरीला पंधरा हवे होते.

“अर्जात कारण काय लिहिलंस?”

“घरगुती.”

“आणि खरं कारण?”

लेकुरवाळीने दाराकडे पाहिलं. “मुलाच्या टाळूला फट आहे. सात महिन्यांचा आहे. सव्वीस तारखेला ऑपरेशन. त्यानंतर दोन आठवडे चमच्याने भरवायचं आणि हात तोंडात जाऊ द्यायचा नाही. ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही.”

“मग तसं लिहायचं होतंस.”

“लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडून बिघडलेली प्रत्येक काच त्याच्या नावावर लागली असती. हिचं लक्ष पोराकडे, असं म्हणाले असते. म्हणून इथे कोणालाच सांगितलं नाही.”

चौतीस वर्षांत बाईंनी ‘घरगुती’ कारणाचे अर्ज गठ्ठ्याने पाहिले होते.

“तारीख पुढे ढकलता येणार नाही?”

“ढकलली की सहा महिने. आत्ता त्याने गिळलेलं अर्धं दूध नाकातून येतं, बाई. मुकादम म्हणाले, या दिवसांत बिनपगारी रजा मिळणार नाही. एक तर नोकरी सोड, नाही तर तारीख सोड.”

आज सतरा तारीख होती. हरवलेल्या कार्डाची नक्कल मुख्य कचेरीतून यायला तीन आठवडे लागतात, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या नकलांवर सही त्यांचीच असायची.

३

मुकादम उभ्यानेच बोलला. “हो, किल्ली घेतली होती. एकाची रजा उरलीय की नाही ते बघायचं होतं. तिच्या कार्डाला हात लावला नाही.”

“तिने रजेवर जाऊ नये असं तुम्हाला वाटतं.”

“वाटतंच. मॅडम, नऊ वर्षांपूर्वी माझी बायको हिच्याच यंत्रावर होती. तिलाही असंच सांगितलं होतं, बाळंतपणाच्या महिन्यांची रजा जमत नाही. पोरगी आजारी पडली, रजा उरली नव्हती, तिने नोकरी सोडली. आम्ही कुठे कागद घेऊन धावलो नाही. नियम म्हटलं, गप्प बसलो. आता हिच्यासाठी वेगळा नियम काढायचा? मग आम्ही काय मूर्ख होतो?”

“कार्ड तुम्ही घेतलंत?”

“मी घेतलं असतं तर टराटरा फाडलं असतं. आणि फाडलं, असं तुम्हाला सांगितलंही असतं,” म्हणून तो जिना उतरून गेला.

माणूस चिडका होता, पण खोटं बोलणाऱ्याला इतका राग परवडत नाही, असा बाईंचा अनुभव होता. त्या त्याच्या मागून हळूहळू, कठडा धरून खाली उतरल्या. सहा नंबरच्या यंत्राशेजारी बदलीवर घेतलेली मुलगी काचा पुसत होती. लेकुरवाळी घरी होती तेव्हा ते यंत्र हिनेच चालवलं होतं. लेकुरवाळीने नोकरी सोडली तर ही कायम होणार, हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं.

“शेवटी माझ्यावरच येणार ना?” बदलीवाली न विचारताच म्हणाली. “मला ही जागा हवीच आहे, त्यात काय लपवायचं? पण अशी नको. उद्या माझंही लग्न होईल, मूल होईल. तेव्हा माझं कार्ड कोण पळवेल?”

“काल वर गेली होतीस?”

“सुटायच्या वेळी, हजेरीवर सही घ्यायला. काका हात चोळत बसले होते. मलाच म्हणाले, खालून जरा घासायची पावडर आण गं, हा अंगठा साबणाने निघत नाही. मी चिमूटभर आणून दिली. तरी निघाला नाही. त्यांची ती शाई म्हणजे अगदी पाठीच लागते.”

बाई मान डोलावून निघाल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. काल सोळा तारीख होती. शिक्के पहिल्या तारखेला मारायचे असतात. मग सोळाला रजाकाकांचा अंगठा कशाने रंगला?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी टेबलावर आपली कालची प्रवासाची चिठ्ठी ठेवली. बसमध्ये तिकीट शोधताना ती हातात आली होती, आणि मग घर येईपर्यंत त्या तिच्याकडेच बघत होत्या.

“काका, पहिल्या तारखेला तुम्ही सगळ्या कार्डांवर शिक्के मारले, तेव्हा चक्र अकराव्या महिन्यावर होतं. बरोबर? नंतर शिक्क्याला कोणी हात लावला नसता, तर काल माझ्या चिठ्ठीवर अकराच उमटले असते. उमटले नऊ.”

रजाकाकांनी शिक्का हळूच बाजूला सरकवला.

“नववा महिना म्हणजे लेकुरवाळीच्या रजेचा शेवटचा महिना. चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या सहा चौकटी कोऱ्या होत्या. परवा कोणीतरी चार, पाच, सहा असं चक्र फिरवत सहा शिक्के मारले आणि शेवटच्या शिक्क्यानंतर ते परत फिरवायचं विसरलं. चोराने कार्ड कोरं नेलं नाही. आधी भरलं, मग नेलं. मुकादमाने ते फाडलं असतं. बदलीवालीने फार तर लपवलं असतं. पण भरलं कोण असतं? अंगठा अजून जांभळाच आहे तुमचा.”

रजाकाकांनी अंगठा मुठीत घेतला. मग तो लपवण्यात काही अर्थ नाही हे त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला.

“परवा तुमचं येण्याचं पत्र आलं,” ते म्हणाले. “तेव्हा मी पहिल्यांदा कार्डाची मागची बाजू वाचली. पोरीचंच खरं होतं. म्हटलं, तिचे शिक्के देऊन टाकावेत. मारले. आणि मग बघत बसलो. सहा महिन्यांचे सहा शिक्के, सगळे एका शाईचे, सारखेच ताजे. तुम्ही तर शाईवरून माणूस पकडता, बाई. पूर्वी एकाची नोकरी गेली होती त्यात.”

“म्हणून लपवलंत?”

“हरवलं म्हटलं की नक्कल मिळते. नकलेवर बाराच्या बारा शिक्के एकदमच मारतात. तिथे शाई कोण बघतो? तिला तिचे दिवस मिळाले असते, कोणाला काही कळलंही नसतं. झाला असता थोडा उशीर.”

“तीन आठवडे.”

“असेना का. घरगुती काम तर आहे. चार दिवस इकडेतिकडे.”

बाईंनी चष्मा काढला. “काका, सव्वीस तारखेला तिच्या पोराचं ऑपरेशन आहे.”

रजाकाकांचा चेहरा उतरला. त्यांना तीन मुलं, पाच नातवंडं होती. पेल्यातलं पाणी थरथरत राहिलं.

“कुठे आहे कार्ड?” बाईंनी विचारलं.

“खालच्या खणात. मी काढून देतो. तुम्ही वाकू नका, बाई. तुमचे गुडघे...” ते इतक्या लगबगीने उठले, की खुर्ची पडली.

काल बाईंचं ते हाताशी-पायाशीचं वाक्य ऐकून त्यांनी पाणी पिऊन टाकलं होतं, तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर हेच धास्तावलेले भाव होते. बाईंनी हात पुढे केला. “किल्ली,” त्या म्हणाल्या.

५

खाली बसायला त्यांना वेळ लागला. आधी कपाटाला धरलं, मग एक गुडघा, मग दुसरा, मग सरळ फरशीवर फतकल. खण गंजलेला होता. दोन हिसक्यांत उघडला.

आत मोजकी जुनी कार्डं दोऱ्याने बांधलेली होती. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्याचा एक कोपरा नुकताच उचलल्यासारखा दुमडलेला. बाईंनी कागद वर केला. लेकुरवाळीचं कार्ड तिथेच होतं, सहा ओळखू येण्याइतके ताजे शिक्के घेऊन.

कार्डाखाली, खणाच्या तळाला, एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर गोल, टपोरं, ओळींना किंचित उतार. बाईंना अक्षर वाचायच्या आधीच ओळखू आलं.

‘रोज लागतं ते हाताशी, नाही लागत ते पायाशी. लांबच्या रजेवर असलेल्यांची कार्डं खालच्या खणात ठेवावीत. पहिल्या तारखेला शिक्के फक्त वरच्या खणातल्या कार्डांवर मारावेत. वेळ वाचेल.’

खाली त्यांचीच सही. अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

“त्याआधी एकच खण वापरायचो,” रजाकाका हळू आवाजात म्हणाले. “जे हाताला येईल त्या कार्डावर शिक्का. बाळंतिणींची कार्डंही त्यातच असायची, त्यांनाही आपोआप मिळायचा. तुम्ही आलात, पद्धत घालून दिलीत. फार आटोपशीर वाटली मला. मग जे कार्ड खाली गेलं ते पहिल्या तारखेला कोणी उघडलंच नाही.”

बाईंनी दोरा सोडला. अकरा वर्षांत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या सहा जणी. सहाही कार्डांवर मधोमध कोऱ्या चौकटींची रांग. बाईंना आठवत होतं ते एवढंच, की त्या दिवशी परतीची बस गाठायची होती आणि चिठ्ठी त्यांनी उभ्याउभ्या लिहिली होती. त्यांना लाज वाटली, अगदी कानांपर्यंत.

“ही चिठ्ठी दाखवली असतीत तर तुम्ही सुटला असतात.”

“सुटलो असतो.”

“मग का नाही दाखवलीत?”

“तुमचे चार महिने राहिलेत. म्हटलं, जाताना कशाला दाखवायची? आणि खरं सांगू, बाई? चिठ्ठी तुमची असली तरी शिक्का अकरा वर्षं माझ्याच हातात होता. मागची बाजू मीही कधी वाचली नाही.”

खालून यंत्रांची घरघर येत होती. “मुकादमाला बोलवा,” बाई शेवटी म्हणाल्या. “आणि तिलाही.”

६

दोघं वर आली तेव्हा तपासणीबाई फरशीवरच बसलेल्या होत्या आणि मांडीवर कार्ड ठेवून लिहीत होत्या. सहा शिक्क्यांतला एकही त्यांनी खोडला नाही. प्रत्येकाशेजारी आजची तारीख घातली, ‘उशिरा मारलेला, पण बरोबर’ असं लिहिलं आणि सही केली. अहवालाच्या कागदावर ‘चूक कोणाची’ असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी आधी स्वतःचा हुद्दा लिहिला, मग स्वतःचं पूर्ण नाव. रजाकाकांनी कार्ड दोन दिवस लपवलं, हेही लिहिलं. पण का, तेसुद्धा त्याच ओळीत लिहिलं.

“सोळा दिवस आहेत तुझ्या नावावर,” त्या लेकुरवाळीला म्हणाल्या. “तुझा अर्ज मंजूर झाला, असं मुकादम आत्ता सही करून देतील. चूक माझी होती, पोरी.”

लेकुरवाळीने कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. रडेल असं वाटलं होतं, पण रडायला लागते तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. “म्हणजे एक दिवस उरतो,” एवढंच ती म्हणाली.

“त्या दिवशी झोप.”

मुकादमाने अर्जावर सही केली. त्याने तोंड उघडायच्या आधीच बाईंनी एक जुनं कार्ड त्याच्यापुढे धरलं. त्यावर त्याच्या बायकोचं नाव होतं.

“नियम तेव्हाही हाच होता,” बाई म्हणाल्या. “तिलाही मिळायला हवी होती. तुम्ही मूर्ख नव्हतात. आमच्याकडून द्यायची राहिली.”

मुकादमाने कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून त्या एकेक मोजल्या. “सहा,” तो म्हणाला. “म्हणजे बारा दिवस.”

“हो.”

“तिला आठच हवे होते,” मुकादम म्हणाला, आणि कार्ड घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी कपाटाला धरून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. लेकुरवाळीने एप्रनला हात पुसला आणि पुढे केला. हात ओला होता, पावडरीने खरखरीत झालेला, आणि चांगलाच घट्ट होता.

दुपारी बसथांब्यावर लेकीचा फोन आला.

“आई, पुढच्या महिन्यापासून येतेस ना? तुझी गादी उन्हात टाकलीय.”

“नाही येत. रजा रद्द केली.”

“रद्द? चार वर्षं साठवलीस ना ती? असं काय अडलंय तिथे?”

“तीनशे कचेऱ्यांना मी एकच पद्धत शिकवली गं. तिथले खालचे खण उघडायचेत.”

“आई, तुला खाली बसता येतं का?”

“बसता येतं,” बाई म्हणाल्या. “उठताना कोणाचा तरी हात मागायचा.” बस आली तशी त्यांनी फोन वरच्या कप्प्यात ठेवला, मग जरा विचार करून पिशवीत हात घातला आणि तळाशी काय काय पडलंय ते चाचपून पाहिलं.